लसूणघास पिवळा पडला? युरिया टाकण्याआधी या चुका टाळा

लसूणघास, बरसीम किंवा चवळी पिवळी दिसू लागली की हात आधी युरियाकडे जातो. द्विदल चाऱ्यातली सगळ्यात महागडी चूक हीच. आयते नत्र (नायट्रोजन) मिळाले की झाड मुळांवरच्या गाठी पोसत नाही; याच गाठींतले जिवाणू हवेतले नत्र झाडाला देतात. पुढच्या कापणीला पुन्हा पिवळेपणा, पुन्हा युरिया. पेरताना हेक्टरी 20-25 किलो नत्र पुरते, पुढचे काम गाठींचे.

म्हणून आधी चार-पाच झाडे मातीसकट खणून काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. मुळे पाण्यात हलकेच हलवून धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर ती नत्र बांधते आहे, म्हणजे पिवळेपणाचे कारण बहुधा दुसरे आहे. गाठीच नसतील तर बियाण्याला लावलेले जिवाणू मेले किंवा चुकीचे होते: लसूणघासाचे रायझोबियम (गाठी बनवणारे जिवाणू) बरसीमला चालत नाही, चवळीचे या दोघांनाही नाही. बुरशीनाशक आधी लावा, जिवाणू संवर्धक (बियाण्याला लावायचे जिवाणू खत) सर्वात शेवटी. बी सावलीत सुकवून लगेच पेरा. गाठी आहेत पण आतून फिक्या, आणि मातीचा सामू (pH) 6 च्या खाली, असे असेल तर मॉलिब्डेनम या सूक्ष्म अन्नद्रव्याच्या कमतरतेचा संशय घ्या. आम्ल जमिनीत ते असूनही पिकाला मिळत नाही. आधी चुना देऊन सामू वर आणा. मॉलिब्डेनम अंदाजाने ओतू नका, चाऱ्यात ते जास्त झाले की जनावरांना तांब्याची कमतरता होते.

दुसरी चूक म्हणजे कोणते पान पिवळे आहे ते न बघणे.

खालच्या जुन्या पानांच्या कडेला खसखशीएवढे पांढरे ठिपके दिसले तर पालाश (पोटॅशियम) संपले. इथे हिशेब नेहमी चुकतो. एक टन वाळलेला लसूणघास जमिनीतून साधारण 20-25 किलो पालाश मूलद्रव्य उचलतो. वर्षाला दहा टन कापलेत तर 200 किलोच्या वर गेले. ते परत न मिळाल्यास झाडे मरून घास विरळ होतो आणि तण शिरते. मात्र वर्षाचे पालाश एकदम देऊ नका. झाड गरजेपेक्षा जास्त ओढून घेते, आणि असा चारा खाणाऱ्या जनावराच्या अंगी मॅग्नेशियम नीट लागत नाही. दोन-तीन कापण्यांनंतर विभागून द्या.

शेंड्याची पाने फिकी आणि झाड बारीक असेल तर गंधक कमी आहे का बघा. सिंगल सुपर फॉस्फेट सोडून डीएपीवर (डायअमोनियम फॉस्फेट खतावर) गेलेल्या शेतात हे हमखास होते. सुपरमध्ये सुमारे 11 टक्के गंधक असते, डीएपीत जवळपास नाहीच.

शेंडा पिवळा-तांबूस, पेरे आखूड, झाड वरून झुपक्यासारखे, पण खालची पाने हिरवीगार, ही बोरॉनची कमतरता. माती कोरडी पडल्यावर जास्त दिसते. तुडतुड्यांशी याची गल्लत होते. तुडतुडे लागलेल्या पानावर टोकाकडून आत पाचरीसारखा पिवळा पट्टा येतो, पानाची मागची बाजू तपासा. हेक्टरी 10 किलो बोरॅक्समधून सुमारे 1 किलो बोरॉन मिळते. वाळूत मिसळून सारखे फेका, बियाण्याच्या ओळीत कधीही नको, उगवण मरते.

चुनखडीच्या जमिनीत कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा झाला तर लोह कमी. फेरस सल्फेट मातीत टाकले तर तिथेच अडकते. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम घेऊन फवारा.

स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता मात्र फसवी असते. पान पिवळे पडत नाही, उलट गडद दिसते, झाड खुजे राहते. स्फुरद मातीत फारसे हलत नाही, म्हणून पेरणीआधीच मुळांच्या थरात द्या.

नमुना घेताना हिरव्या आणि पिवळ्या पट्ट्यांची माती एकत्र करू नका, सरासरीत दोष लपतो. पानांची तपासणी फुले दिसू लागताच करा: 30-40 झाडांचे वरचे 15 सेंटिमीटर शेंडे घ्या. पालाश 2 टक्क्यांच्या खाली असेल तर कमतरता धरा. शेंडे कागदी पिशवीत पाठवा, प्लॅस्टिकमध्ये ते वाटेतच कुजतात.