स्क्रू निळे केले, तेही रंग न लावता

वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलवरचे पोलादी स्क्रू रंगवले की खाचा बुजायच्या, स्क्रू ड्रायव्हर लावताच टवके उडायचे. शेवटी रंगाचा नाद सोडला आणि ते तापवूनच निळे केले.

डोकी बारीक पॉलिश पेपरने चकचकीत घासून अ‍ॅसिटोनने पुसली. पुढे सगळं चिमट्याने. बोट लागलं की तिथे डाग हमखास. पत्र्यावर पितळेचा भुगा पसरून त्यात स्क्रू रोवले, खालून स्पिरिटचा दिवा. थेट ज्योतीत बारीक दांडा आधी तापतो, डोकं मागे राहतं. भुग्यात ताप सारखा लागतो. साधारण २३० अंश सेल्सिअसला गवती पिवळा, २८० ला जांभळा, ३०० च्या आसपास निळा. जांभळ्यानंतर नजर हलवायची नाही! हवी ती छटा आली की उचलून थेट मशीन ऑइलमध्ये. हुकली तर घासून पुन्हा.