तिकिटावरून विमानप्रवासाचे खरे तास कसे काढावेत
परदेशी प्रवासाच्या तिकिटावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. त्यामुळे दोन वेळांची सरळ वजाबाकी केली, तर प्रवासाचे तास चुकीचे निघतात.

यासाठी प्रथम दोन्ही वेळा भारतीय वेळेत लिहून घ्याव्यात आणि मगच वजाबाकी करावी. समजा, जानेवारीत मुंबईहून दुपारी १.३० वाजता सुटणारे विमान लंडनला संध्याकाळी ६.३० वाजता पोहोचणार आहे. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, म्हणजे त्या वेळी मुंबईत रात्रीचे १२ वाजलेले असतील आणि प्रवास साडेदहा तासांचा ठरेल. परतीचे विमान तिथून रात्री ९.३० वाजता, म्हणजे आपल्या पहाटे ३ वाजता सुटून दुपारी १२ वाजता मुंबईत उतरत असेल, तर नऊच तास होतात. जाण्या-येण्याच्या तासांत असा फरक दिसला, तरी हा हिशेब बरोबर आहे. पूर्वेकडे येताना पश्चिमेकडून वाहणारे वरच्या थरातील वारे विमानाला साथ देतात.

ज्येष्ठ प्रवाशांच्या जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा डॉक्टरांना विचारताना हेच खरे तास सांगावेत.

केवळ किलोमीटरमधील अंतर ठाऊक असेल, तर त्याला ८५० ने, म्हणजे विमानाच्या ताशी साधारण वेगाने, भागून अर्धा तास मिळवावा. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर असल्याने उत्तर नऊ तासांच्या आसपास येते. मार्गाला वळसा असल्यास वेळ वाढतो.

एक खबरदारी मात्र घ्यावी. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे केलेली असतात, त्यामुळे त्या काळात फरक साडेचार तासांचाच धरावा.