मुलांना बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कामात घ्यायचंय? मग स्टेजपासून सुरुवात करू नका

बालहक्कांवर काम करणाऱ्या संस्थांमध्ये एक प्रकार हमखास होतो. कुठूनतरी मेल येतो की अमुक महिन्यात इंटरनॅशनल कॉन्फरन्स आहे, दोन मुलं पाठवा. मग जी पोरगी धीटपणे बोलते आणि जिचं इंग्रजी बरं आहे तिलाच पकडायचं, भाषण मोठ्यांनीच लिहून द्यायचं, टाळ्या, ग्रुप फोटो, संपलं. रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग म्हणतच नाही, आणि हा भाषण-टाळ्या-फोटोचा सगळा प्रकार त्या तिनातच कुठेतरी बसतो.

तर आधी बघायचं कॅलेंडर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या समितीसमोर आपल्या देशाची पाळी कधी येते ते. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ चा, १९६ देश त्यात आहेत (अमेरिका नाही, हो, खरंच नाही). करारात आलेल्या देशाने दर पाच वर्षांनी जिनिव्हातल्या १८ तज्ज्ञांच्या समितीला रिपोर्ट द्यायचा असतो. प्रत्यक्षात ते लांबतं, पण आपल्या देशाचा नंबर साधारण कधी लागणारे हे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या वेबसाइटवर कळतं. खरी संधी मेन सेशनला, म्हणजे सरकार समितीसमोर उत्तरं देतं तेव्हा, नसते, ती त्याच्या कित्येक महिने आधी प्री-सेशनला, म्हणजे समितीच्या तयारीच्या बैठकीला असते, कारण सरकारला नेमके कोणते प्रश्न विचारायचे हे तिथे ठरतं. मुलांचं म्हणणं तोपर्यंत पोचलं नाही तर नंतर कितीही सुंदर भाषण करा, काही उपयोग नाही. म्हणून निदान एक-दीड वर्ष आधी कामाला लागा.

दुसरं म्हणजे मुलं कोण. फक्त चुणचुणीत, शाळेत पहिली येणारी घेऊ नका. अपंग मुलं, स्थलांतरित घरातली, संस्थेत राहणारी, काम करणारी, ज्यांची भाषा वेगळी आहे अशी मुलं पाहिजेतच, आणि ती आपणहून येत नाहीत, त्यांच्यापर्यंत आपल्याला जावं लागतं, त्यांच्या सोयीच्या वेळेला. ग्रुपच्या वतीने बोलणारा कोण हे मुलांनाच ठरवू द्या, पण नीट, हात वर करून नाही, त्यात सगळे मित्रालाच मत देतात.

आता मुद्दे काढणं, जिथे आपण मोठे सगळ्यात जास्त घाण करतो. 'तुमच्या हक्कांचं उल्लंघन होतं का?' असं विचारलं की मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. त्यापेक्षा विचारा, कालच्या दिवसात कुठे भीती वाटली? कुठे जावंसं वाटत नाही? मग धबधबा सुरू होतो. एखादी म्हणते, 'शाळेतल्या टॉयलेटला आतून कडी नाही म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नाही.' आता हे वाक्य रिपोर्टमध्ये जाता जाता 'शालेय स्वच्छता सुविधांचा अभाव' होतं आणि मेलं. समितीला असली वाक्यं सरकारकडून भरपूर मिळतात, तिला पाहिजे ते कडी आणि पाणी. मुलीचं वाक्य तसंच ठेवा, खाली हवी तर आकडेवारी जोडा. आणि सगळं लिहूनच द्यायला पाहिजे असंही नाही, मुलं व्हिडिओ, चित्रं, फोटो असं पण समितीला पाठवू शकतात. जिनिव्हातलं चाइल्ड राइट्स कनेक्ट हे नेटवर्क या सगळ्या प्रोसेसमध्ये मुलांना आणि संस्थांना मदत करतं, त्यांच्याशी लवकर बोलून ठेवा.

सेफ्टीवर मात्र अजिबात तडजोड नाही. पालकांची सही घेतली म्हणजे झालं असं नसतं, मुलाला स्वतःला समजेल अशा भाषेत सांगायचं की काय होणार, कोण ऐकणार, यातून काय होईल आणि काय होणार नाही, आणि तू कधीही, अगदी आदल्या रात्री पण, नको म्हणू शकतोस. नाव आणि चेहरा बाहेर जाणार का हा वेगळा प्रश्न, वेगळी परवानगी. सरकारवर टीका करणाऱ्या मुलाला परत त्याच शाळेत, त्याच वस्तीत राहायचंय हे विसरू नका. ज्या मुलावर अत्याचार झालाय त्याला स्टेजवर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावणं तर बंदच करा. त्याला उपाय काय वाटतो ते विचारा ना. समिती मुलांना भेटते तेव्हा ती मीटिंग बंद दाराआड होते, सरकारी प्रतिनिधी आत नसतात, ते याचसाठी. कुणाला सेल्फी पोस्ट करायची हौस असेल तर आधीच बोलून घ्या.

प्रवास करायचा असेल तर पासपोर्ट, व्हिसा, पालकांचं संमतीपत्र याला वाटतं त्यापेक्षा खूप वेळ लागतो. सोबत मुलाच्या ओळखीचा, विश्वासाचा मोठा माणूस हवा, आणि दुभाषा पण आधीपासून मुलांना भेटलेला असावा. इंग्रजी येत नाही म्हणून कुणाला गाळणं म्हणजे कमालच. जाणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर पण बोलता येतं, त्यात कमीपणा काही नाही.

हे सगळं करून फरक पडतो का, तर पडतो, पण मुलांना खोटी स्वप्नं दाखवू नका. मुलांचे हक्क आणि पर्यावरण, त्यातही हवामान बदल, यावर समितीने २०२३ मध्ये जनरल कमेंट क्रमांक २६ (करारातल्या हक्कांचा अर्थ देशांना समजावून सांगणारा दस्तऐवज) काढली, त्यासाठी १२१ देशांतल्या १६ हजारांवर मुलांनी मतं दिली, आणि मुलांची सल्लागार टीम पण होती. दुसरीकडे २०१९ मध्ये १६ मुलांनी हवामानाच्याच प्रश्नावर पाच देशांविरुद्ध समितीकडे तक्रार केली, ती २०२१ मध्ये फेटाळली गेली, कारण आधी आपापल्या देशातल्या कोर्टांत जायला हवं होतं. पण सीमेपलीकडच्या मुलांना होणाऱ्या नुकसानीलाही देश जबाबदार असू शकतो हे समितीने त्यात मान्य केलं, आणि मुख्य म्हणजे निर्णय असा का दिला हे सांगणारं खुलं पत्र त्या मुलांना लिहिलं.

१८ तज्ज्ञांना हे जमतं तर आपल्याला न जमायला काय झालं? समितीच्या शिफारशी आल्या की त्या सोप्या भाषेत करून मुलांसमोर ठेवा, तुमचं हे घेतलं, हे नाही घेतलं, सरळ सांगा. मग त्यातल्या दोन-तीन शिफारशी मुलांना निवडू द्या आणि त्या घेऊन संबंधित खात्याच्या अधिकाऱ्यांना, लोकप्रतिनिधींना भेटायला मुलांसोबत जा. हा भाग कंटाळवाणा आहे, फंडिंग पण याला मिळत नाही, म्हणून बजेट पहिल्याच दिवशी वेगळं काढून ठेवा.

अजून एक प्रॅक्टिकल गोष्ट. पुढचा रिव्ह्यू येईपर्यंत आत्ताची पंधरा-सोळाची मुलं अठरा ओलांडून जाणार. त्यांना ट्रेनर म्हणून ठेवा, आणि ग्रुपमध्ये दहा-अकराची मुलं आत्तापासूनच घ्या.