आर्थर लिप्सेटचे कोलाज लघुपट गावात दाखवायचे असतील तर

माँट्रिअलचा आर्थर लिप्सेट कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात संकलक होता. ‘व्हेरी नाइस, व्हेरी नाइस’ (१९६१, सुमारे ७ मिनिटं) त्याने सुरू केला तो इतरांनी कापून टाकलेल्या आवाजाच्या फिती जोडून. चित्रं, म्हणजे बहुतेक स्थिर फोटो, मागाहून आली. म्हणून आधी आवाजाची सोय बघा, मग पडद्याची.

मंडपवाल्याचा चोंगा अजिबात नको. त्यातून हशा, खोकला, अर्धवट तुटलेलं वाक्य, सगळं एकाच किरकिऱ्या सुरात येतं. दोन बॉक्स पडद्याच्या दोन्ही अंगांना, बसलेल्यांच्या डोक्याच्या जरा वर ठेवा. ब्लूटूथवर आवाज मागे पडतो, आणि इथे शब्द नेमका कोणत्या फोटोवर पडतो यातच सारं आहे. वायरच लावा. घूं घूं आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गावात अर्थिंग बहुतेक ठिकाणी कच्चं असतं.

समाजमंदिराची चुन्याची भिंत चादरीपेक्षा बरी, चादरीचा मधला सांधा दिसतो. पण चुन्यात नीळ घातलेली नसावी. कृष्णधवल चित्रातला पांढरा रंग निळसर होतो. चित्र ४:३ चं आहे. ८ फूट रुंद, ६ फूट उंच पुरे. १६:९ प्रोजेक्टरवर अंतर काढताना गफलत होते: ६ फूट उंचीसाठी त्याची पूर्ण चौकट पावणेअकरा फूट रुंद होते, म्हणजे १.५ थ्रो रेशोला (भिंतीपासूनचं अंतर भागिले चौकटीची रुंदी) प्रोजेक्टर १६ फुटांवर हवा, १२ वर नाही. कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. पट्ट्या घालवायला चित्र ताणलं की माणसांचे चेहरे फुगतात, आणि या लघुपटात चेहरेच तर बघायचे आहेत.

एकाच डीपीवर शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं. ३०० वॅटच्या आसपासच्या प्रोजेक्टरला ६०० व्हीएचा यूपीएस द्या, अ‍ॅम्प्लिफायर त्यावर नको. लाइन गेलीच तर यूपीएस चालेल त्या थोड्या मिनिटांत प्रोजेक्टर रीतसर बंद करा. पंखा अचानक थांबला तर तापलेला दिवा जातो.

पावसाळ्यात झोतावर पाखरं येतात. मागे लांब, पडद्यावर उजेड पडणार नाही असा एक बल्ब लावून ठेवा.

घरी ऑनलाइन बघणं वेगळं, गावात दाखवणं वेगळं. सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी फिल्म बोर्डाकडून आधीच घ्या आणि फाइल लॅपटॉपमध्ये ठेवा. गावातल्या नेटच्या भरवशावर राहू नका.

सुरुवातीला मराठीत एवढंच सांगा: यात गोष्ट नाही, फोटो भराभर बदलतील, मशीन बिघडलेलं नाही, ७ मिनिटांत संपेल आणि पुन्हा लावू. चालू असताना माइकवरून अर्थ सांगत बसू नका, त्यात इंग्रजीचे तुकडेही बुडतात आणि शांतताही. दुसऱ्या वेळी लोक आपणहून बोटं दाखवू लागतात. मग ‘२१-८७’ (१९६३) लावा, तो जवळपास १० मिनिटांचा आहे. जुन्या बातमीपटांतून जोडलेला ‘अ ट्रिप डाउन मेमरी लेन’ (१९६५) शेवटी, लोक बसले असतील तरच.