ग्रॅप्टोव्हेरिया: पुण्याच्या हवेत या चुका टाळा

ग्रॅप्टोपेटॅलम आणि एचेव्हेरिया यांच्या संकरातून तयार झालेले ग्रॅप्टोव्हेरिया हे छोटे रोप गुलाबासारख्या पानांच्या रचनेमुळे पुण्यात हौसेने घरी आणले जाते, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांतच ते दगावण्याचा धोका सर्वाधिक असतो. दोन्ही पालक वनस्पती मुख्यतः मेक्सिकोतल्या असून खडकाळ, पाणी न धरणाऱ्या जागी वाढतात. आपल्याकडची सततची ओल त्यांच्या मुळांना सोसत नाही.

सर्वांत घातक चूक म्हणजे मऊ पान दिसताच पाणी घालणे. तहानलेल्या रोपाची खालची पाने पातळ होऊन सुरकुततात, पण देठाला घट्ट धरून राहतात आणि पाणी मिळाल्यावर काही दिवसांत पुन्हा भरतात. याउलट कुजणाऱ्या रोपाचे पान पिवळट, काचेसारखे पारदर्शक दिसते, बोटाचा स्पर्श होताच गळते, आणि बुंध्याशी काळा डाग आढळतो. तिसरी अवस्था अधिक फसवी आहे: माती ओली असूनही पाने सुरकुतलेली असतील, तर मुळे बहुधा आधीच मेलेली असतात, आणि अशा वेळी घातलेले पाणी उरलेले खोडही कुजवते. म्हणून लाकडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून पाहावी आणि ती कोरडी निघाली तरच पाणी द्यावे. वार ठरवून पाणी देण्याची सवय या रोपाला मुळीच मानवत नाही. कूज लागलीच असेल, तर स्वच्छ ब्लेडने खोड खालून वर कापत जावे, कापलेला भाग आतून पूर्ण निरोगी दिसेपर्यंत थांबू नये, आणि वरचा शेंडा चार-पाच दिवस सावलीत सुकवून माती-वाळूच्या कोरड्या मिश्रणावर ठेवावा.

नर्सरीतून रोप बहुधा कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) येते आणि ते तसेच ठेवणे ही पुढची चूक ठरते, कारण कोकोपीट पाणी फार काळ धरते. एक भाग तांबडी माती किंवा गांडूळखत आणि दोन भाग जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे किंवा परलाइट (ज्वालामुखी खडकाचे फुगवलेले हलके दाणे) असे मिश्रण चांगले. तळाला भोक नसलेली शोभेची कुंडी तर वापरूच नये.

पावसाळ्यात रोप छताखाली घ्यावे, पण अंधाऱ्या खोलीत नव्हे. उजेड अपुरा पडला की खोड लांबते, पाने विरळ होतात, आणि लांबलेले खोड पुन्हा आखूड होत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र ते एकदम ठेवू नये, सकाळचे ऊन रोज थोडे थोडे वाढवत न्यावे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारी हिरव्या जाळीची सावली आवश्यक असते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पानांच्या कडा गुलाबी झाल्या, तर तो रोग समजून औषध मारू नये.

पानांवरची पांढुरकी पूड म्हणजे मेणाचा संरक्षक थर असतो; तो धूळ समजून पुसला, तर त्या पानावर सहसा परत येत नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले, तर मात्र तो पिठ्या ढेकूण असतो आणि अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने तो टिपून काढावा. कडुनिंबाच्या तेलाने मेणाचा थर उतरतो, म्हणून तो उपाय शेवटी ठेवावा.

नवीन रोपांसाठी बियांवर विसंबू नये, कारण संकरित रोपाच्या बियांपासून तेच गुण मिळण्याची खात्री नसते. निरोगी पान बुंध्यापासून अखंड तोडून, दोन-तीन दिवस सुकवून, पावसाळा संपल्यावर कोरड्या मिश्रणावर नुसते आडवे ठेवावे. मुळे फुटल्यावरच पाण्याचा हलका फवारा द्यावा.