टॅटूची उमेदवारी करण्याआधी चित्रकला कुठे शिकावी

टॅटू स्टुडिओत उमेदवारी मागायला गेलेल्या मुलाची चित्रांची वही आधी पाहिली जाते, यंत्र हाताळता येते का हा प्रश्न नंतरचा. म्हणून वर्ग निवडताना तेथे रेषा किती घोटवून घेतात, हा निकष पहिला धरावा.

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या असतील, तर संकल्पचित्र आणि अक्षरलेखन यांची ओळख झालेली असते, आणि हेच दोन विषय पुढे सर्वाधिक उपयोगी पडतात. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांची बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) ही कलेची पदवी घेता येते. त्यात रेखा व रंगकला घ्यावी की उपयोजित कला, हा खरा पेच आहे. पहिल्या शाखेत मानवाकृतीचा अभ्यास सखोल होतो, तर दुसरीत अक्षरे, बोधचिन्हे आणि ठरलेल्या जागेत बसणारी रचना यांवर भर असतो. माझा कौल उपयोजित कलेला आहे, कारण गिऱ्हाईक बहुधा नाव किंवा चिन्ह घेऊनच येते. मात्र मानवाकृतीसाठी समोर मॉडेल बसवून रेखाटन करून घेणारा वेगळा वर्ग लावावा. चार वर्षे देणे शक्य नसेल, तर अक्षरे आणि मानवाकृती या दोन्ही गोष्टी शिकवणारा स्थानिक वर्ग शोधावा. काही दिवसांत प्रमाणपत्र देणारे टॅटूचे वर्ग याला पर्याय ठरत नाहीत.

वर्ग पारखण्यासाठी ‘आई’ हा शब्द अर्ध्या इंचाच्या उंचीत, खोडरबर न वापरता, पेनाने लिहून शिक्षकांना दाखवावा. त्वचेतली शाई वर्षांगणिक थोडी पसरते व रेषा जाड होते, त्यामुळे ‘ई’च्या वळणांमधली अरुंद जागा बुजण्याचा संभव असतो. ते केवळ ‘सुंदर आहे’ म्हणाले, तर पुढचा वर्ग पाहावा; कोणती फट रुंदवावी आणि कोणते वळण सोपे करावे हे बोट ठेवून सांगणारा शिक्षक मिळाला, तर फी थोडी जास्त असली तरी तेथेच नाव घालावे. मग तोच शब्द ट्रेसिंग कागदावर उतरवून मनगटाभोवती गुंडाळावा आणि हात फिरवून पाहावा. सपाट कागदावर सरळ दिसणारी शिरोरेषा तेथे तिरकी होते. ती कुठे वळते याच्या नोंदी त्याच कागदावर करून तो वहीत चिकटवावा, आणि उमेदवारी मागायला जाताना पूर्ण रंगवलेल्या चित्रांबरोबर हे कागदही न्यावेत.