आकाशातला धूर आणि धूळ: उपग्रहचित्रांतून माग कसा काढायचा

आकाश मळकट झालं, सूर्य तांबूस दिसू लागला की मनात येतं, हा धूर की धूळ? आणि आला कुठून? याचा शोध घरबसल्या घेता येतो.

नासाचं ‘वर्ल्डव्ह्यू’ हे उपग्रहचित्रांचं संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडा. ते मोफत आहे, खातंही काढावं लागत नाही. तारीख निवडा आणि खऱ्या रंगातला लेयर, म्हणजे चित्राचा थर, लावा. ढग पांढरेशुभ्र दिसतात. धूर राखाडी-निळसर असतो आणि विरळ असेल तर त्याच्याआडून खालची नदी, डोंगर पुसटसे दिसत राहतात. धूळ पिवळसर किंवा तपकिरी. समुद्रावर ती चटकन ओळखू येते, वाळवंटावर मात्र जमिनीच्या रंगात मिसळून जाते.

आता आगीचे ठिपके दाखवणारा लेयर चालू करा. उपग्रहावरच्या ‘व्हिअर्स’ उपकरणाचा एक ठिपका साधारण 375 मीटरच्या चौकोनात कुठेतरी जास्त उष्णता असल्याचं सांगतो. तो आगीचा आकार नव्हे. दाट ढगाखालची आग सुटूनही जाते. म्हणून ठिपक्यांआधी धुराच्या लोटाचा आकार बघा: आगीपाशी तो निमुळता असतो, पुढे फाकत जातो. निमुळतं टोक धरून मागे जा.

सरावासाठी 2023 च्या जूनमधली 5 ते 7 तारीख लावा. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण त्यात वारा अक्षरशः दिसतो. कॅनडातल्या क्विबेकमध्ये जंगलं जळत होती. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या कमी दाबाच्या क्षेत्राभोवती वारे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरत होते आणि धूर दक्षिणेकडे ओढला जात होता. 7 तारखेला न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं. एक-एक दिवस मागे-पुढे करा, ढगांचा भोवरा आणि धुराचा पट्टा सोबत बघा.

तासातासाची हालचाल हवी असेल तर भूस्थिर, म्हणजे पृथ्वीच्या एकाच भागावर कायम नजर ठेवणाऱ्या, उपग्रहांकडे वळा. ‘गोज’ आणि ‘हिमावारी’ दर 10 मिनिटांनी चित्र देतात. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात धूर जास्त उठून दिसतो, भर दुपारी तोच फिका पडतो. धूळ शोधायची असेल तर इन्फ्रारेडवर (डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांवर) बेतलेलं ‘डस्ट आरजीबी’ चित्र घ्या. त्यात धूळ गुलाबी दिसते, रात्रीसुद्धा. खाली ढग असतील तर ‘सेंटिनेल-5पी’ या उपग्रहाचा एरोसोल (हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा) निर्देशांक उपयोगी पडतो, कारण ढगांवरून वाहणारा धूर त्यात पकडता येतो.

एक चूक मात्र टाळा. उपग्रह वरून खालपर्यंतचा सगळा थर एकत्र बघतो. चित्रात दाट दिसणारा धूर काही किलोमीटर उंचावरून निघून जात असू शकतो आणि तेव्हा जमिनीवरची हवा बऱ्यापैकी स्वच्छ असते. म्हणून मास्क लावायचा की नाही, हे चित्रावरून ठरवू नका. जवळच्या हवा तपासणी केंद्राचा पीएम 2.5 चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा बघा. धूर चित्रात आला आणि आकडाही चढू लागला, तर धूर खाली उतरला असण्याची शक्यता मोठी. मग खिडक्या लावून घ्या.